मुलीस पत्र : वजनाची वही

नागपूर,
१८ मे

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आजाराबद्दल तुम्ही कशाला एवढं वाचत बसता, डॉक्टर बघतील ना." ते तू काळजीपोटी म्हणालीस हे मला कळते, तरी ते मला पटले नाही.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर मला घरी सोडले तेव्हा इंग्रजीतले डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची पिशवी आणि "मीठ कमी करा" एवढे एक वाक्य मिळाले होते. ते वाक्य मी प्रामाणिकपणे पाळले. साधे मीठ बंद करून सैंधव आणले आणि ते अपायकारक नसते या समजुतीने वरणात, ताकात सढळ हाताने घातले; पापड आणि लोणचे तर मी मिठात धरलेच नव्हते. गुडघा दुखला की औषधाच्या दुकानातून गोळी आणत असे. दीड महिन्यात चपलेच्या पट्ट्याचा वळ पावलावर खोल उमटू लागला, नडगीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राही, आणि आडवे होताच धाप लागते म्हणून तुझी आई रात्री एकीवर एक उशा रचून देऊ लागली. हे सारे वयामुळे होते आहे असे आम्ही दोघे धरून चाललो, आणि शेवटी पुन्हा भरती व्हावे लागले.

त्या खेपेला वॉर्डातल्या एका सिस्टरने आम्हा दोघांना समोर बसवून अर्धा तास समजावले. माझे हृदय दुबळे झाल्यामुळे शरीरात पाणी साठते, सैंधवातही सोडियमच असते, आणि दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या मीठ व पाणी अंगात धरून ठेवतात, हे मला तेव्हा प्रथम कळले. दिवसभराचे सगळे मीठ मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, याच्या आत हवे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहायचे. ३ दिवसांत २ किलोहून अधिक वाढले तर ते साठलेले पाणी समजून लगेच कळवायचे. सांगून झाल्यावर तिने ते सारे माझ्याकडून म्हणवून घेतले आणि मी चुकलो तिथे पुन्हा सांगितले. शिकवणे म्हणतात ते हेच, असे मला वाटते.

आता आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास आहे. मागच्या आठवड्यात घामाने आणि लघवीच्या गोळीने माझे वजन २ दिवसांत दीड किलो उतरले आणि उठताना भोवळ येऊ लागली. पूर्वी मी गोळी परस्पर बंद केली असती, नाहीतर कोणाच्या तरी सांगण्यावरून तांब्याने पाणी प्यालो असतो. यावेळी वहीतले आकडे आणि रक्तदाब डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवले. त्यांनी काही दिवसांपुरती मात्रा कमी केली आणि रक्त तपासायला सांगितले. ते मला तीन महिन्यांतून एकदा, दहा मिनिटे पाहतात. मधल्या दिवसांत वही नसती तर त्यांना तरी काय कळले असते?

तुला मदत करायचीच आहे, तर एवढे कर. गोळ्यांची नावे, त्यांची वेळ आणि प्रत्येक गोळी कशासाठी आहे हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहून पाठव. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी लावतो, म्हणजे आईलाही चष्म्याशिवाय वाचता येईल.

तुझा,
बाबा