दोष वायरचा नव्हता, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

आयफोन वायरने जोडला तरी संगणक तो ओळखत नाही, हे सांगताना रविवारी बाबा फोनवर म्हणाले, "आता माझ्याच हातून काहीतरी चुकत असेल," आणि तेव्हापासून मला चैन पडलेले नाही. बाबा, तुमच्या हातून काहीही चुकलेले नाही. मागच्या खेपेला तुम्ही दुपारी जरा पडला होतात, तेव्हा सूचना सारखी येते म्हणून तुमच्या आयफोनवर नवी आयओएस, म्हणजे फोन चालवणारी प्रणाली, मीच घातली आणि संगणकाकडे पाहिलेसुद्धा नाही. फोन पुढे गेला, संगणक होता तिथेच राहिला आणि तुम्ही दोन महिने वायर पुसत, बदलत, स्वतःला बोल लावत बसलात. हे मी आधीच कबूल करायला हवे होते.

फोन जोडला की संगणकावरचे आयट्यून्स हे अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर आधी त्याची ओळख पटवते, मगच बॅकअप (फोनमधल्या सगळ्याची राखीव प्रत) आणि सिंक (दोन्हीकडचे सारखे करणे) सुरू होते. फोनची प्रणाली नवी झाली की ओळख पटवणारे आयट्यून्सही नवे लागते. आपल्या संगणकावर विंडोज ७ आहे, त्यासाठीचे आयट्यून्स १२.१० या मालिकेपाशीच थांबले, आणि खुद्द विंडोज ७ चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले. त्यामुळे फोन नवी आवृत्ती मागतो आणि संगणकाला ती मिळतच नाही. यात वायर बिचारी काय करणार!

आई, फोटो संगणकावर उतरतात पण उघडत नाहीत, ही तुझी तक्रार मात्र वेगळी आहे. आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, बहुतेक आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतात आणि विंडोज ७ ला तो प्रकार वाचता येत नाही. फोनमधल्या फोटोंच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी जाऊन 'ऑटोमॅटिक' निवडलेस, तर यापुढचे फोटो उतरताना जेपीईजी होऊन येतील. आधी उतरवलेले खराब झालेले नाहीत, तेव्हा ते पुसू नकोस.

आता जे ठरवले आहे ते सांगते, रागावू नका. नवा संगणक मी घेतला आहे आणि येताना घेऊन येणार आहे. आहे त्याच यंत्रावर विंडोज १० घालावे असे आधी मनात होते, पण त्याचाही नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, ते आपल्या यंत्रात नाहीत. काही जण खटपटी करून तेही बसवतात, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या डिस्कवर आजीच्या आवाजाच्या फायली आहेत, तिच्यावर मी प्रयोग करणार नाही. पहिल्या दिवशी त्या फायलींच्या दोन प्रती करीन आणि मगच बाकीच्या कामाला हात लावीन. खर्चाचा विषय कृपा करून काढू नका.

बाबा, तुमचे काही हरवणार नाही. पडदा तोच राहील, झिजलेला कळफलक तोच राहील, अक्षरे आत्ताइतकीच मोठी करून देईन आणि तुम्ही सालवार लावलेले फोल्डर त्याच नावांनी त्याच क्रमाने दिसतील. आईचा पत्त्यांचा डावही असेल. जुना संगणक टाकायचा नाही. फक्त त्याचे इंटरनेट काढून ठेवू.

सातवीत असताना वीज गेली आणि माझा अख्खा निबंध उडाला, तेव्हा मी रडत झोपले आणि तुम्ही रात्री बसून तो पुन्हा टंकून काढलात, ते मला अजून आठवते. "आधी सेव्ह, मग उठायचे," असे सकाळी म्हणालात, रागावला मात्र नाहीत. त्याच माणसाच्या फोनचा दोन महिने बॅकअप नाही आणि त्याला कारण मी, हे मनाला फार लागते.

मी येईपर्यंत मात्र माझे ऐका. आयक्लाउडची, म्हणजे अ‍ॅपलच्या इंटरनेटवरच्या साठ्याची, फुकट मिळणारी ५ जीबी जागा भरली होती, ती मी वाढवून घेतली आहे आणि बॅकअप चालू केला आहे. रोज रात्री फोन वायफाय चालू ठेवून चार्जिंगला लावा आणि बंद पडद्याने तसाच राहू द्या. आयट्यून्समध्ये 'रिस्टोअर' असे दिसले तर त्याला हात लावू नका, कारण त्याने फोन पुसला जातो. ड्रायव्हर (फोन संगणकाला जोडून देणारे सॉफ्टवेअर) देतो म्हणणाऱ्या जाहिरातींवरून काहीही उतरवू नका. संगणक दुरुस्त करून देतो असा कोणाचा फोन आला तर ठेवून द्या, समोरचा कितीही अदबीने बोलो. आणि जुन्या बॅकअपला लावलेला पासवर्ड आठवून वहीत लिहून ठेवा. तो विसरला तर तो बॅकअप मलाही उघडता येणार नाही.

आई, बाबा पुन्हा वायर काढ-घाल करताना दिसले तर त्यांना हे पत्र वाचून दाखव, आणि चौथी वायर आणू देऊ नकोस.

तुमची,
छकुली