व्हर्नसाइडवर मदतीला धावलेल्यांचे आभार

न्यू जर्सीत वाढलेली आमची मुलगी सध्या इंग्लंडमधील डेंटडेल खोऱ्यात मेंढ्यांच्या एका फार्मवर काम करते आणि सुटीच्या दिवशी आसपासचे डोंगर पायी हिंडते. यॉर्कशायरच्या तीन प्रसिद्ध शिखरांपैकी सर्वांत उंच, म्हणजे ७३६ मीटरच्या व्हर्नसाइडवरून उतरताना ओल्या दगडावर पाय घसरून तिचा घोटा मोडला आणि त्यातच धुके दाटून आले. ९९९ वर फोन केल्यावर पोलिसांनी पर्वत बचाव पथकाला कळवले.

या पथकातील माणसे स्वयंसेवक असतात, कसलाही मोबदला घेत नाहीत. त्यांनी पाय आधार देऊन बांधला आणि आळीपाळीने खांदे बदलत तिला स्ट्रेचरवरून खाली आणले. पथकातील एका ताईंनी स्वतःचे कोरडे हातमोजे काढून तिच्या गारठलेल्या हातांत घातले. पुढे कुठे हिसका बसणार आहे, हे त्या वाटभर तिला आधीच सांगत राहिल्या. नंतर आम्हाला फोन करतानाही त्यांनी पहिले वाक्य ‘ती सुखरूप आहे’ हेच उच्चारले. आईवडिलांचा जीव त्यांनी किती ओळखला होता!

नावे त्यांनी सांगितली नाहीत. त्या सर्वांचे आम्ही उभयता अंतःकरणपूर्वक आभार मानतो.