डॉक्टरबाई, तुमचा ॲप्रन माझ्याकडेच आहे

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचा पांढरा ॲप्रन माझ्या दुकानात इस्त्रीच्या टेबलाशेजारी घडी घालून ठेवलाय. विसरले नाही मी. मध्ये दोनदा लोहाचं सलाईन लावायला आले होते, दोन्ही वेळा तुम्ही ऑपरेशनला आत होतात. दुसऱ्या कुणाच्या हाती तो द्यायला मन होईना. तोवर हे पत्र. मोबाईलवर बोलून लिहितेय. 'अंगातून वाफा येतात' म्हटलं की मोबाईल 'अंगातून नफा येतात' असं उठवतो, म्हणून लेकीला एकदा वाचायला देणार आहे. आणि सगळ्यांना दिसेल असं मुद्दामच लिहितेय.

मी कराडात ब्लाउज शिवते. २२ वर्षं झाली. पंचेचाळिशीच्या आसपास बायकांची मापं हलतात, हे माझ्या टेपला कुठल्याही डॉक्टरच्या आधी कळतं. मागच्या वर्षीचं मापाचं ब्लाउज घेऊन येतात आणि हळूच सांगतात, "पाठ जरा सैल ठेव गं, गळा मोठा घे. अस्तर सुतीच लाव, हल्ली फार उकडतं." ऐन जानेवारीत! कुणी म्हणते, "मागून हुक नको बाई आता, हात मागे जातच नाही." खांदा आखडलेला असतो. मी आपली वहीत लिहून घेते: सैल पाठ, सुती अस्तर, पुढून हुक. या सगळ्याला मिळून काही एक नाव असेल, असं मला कधी वाटलं नाही. माझ्यावर पाळी आली तेव्हाही नाही. (शब्द बघा कसा आला! राहू दे तसाच.)

पंचेचाळिसावं लागलं आणि माझी रात्री दोन-अडीचला झोप उडायला लागली. छातीत अशी धडधड, की मशीनच्या मोटरचं पॅडल कुणी दाबून धरलंय आणि सोडतच नाही. मानेपासून वर गरम वाफ चढायची, गाऊन पिळून काढावा इतका घाम, आणि लगेच थंडी वाजायची. आमचे हे पंखा लावू की बंद करू विचारायचे, तर मी त्यांच्यावरच ओरडायचे. पाळी कधी वीस दिवसांत, कधी अडीच महिन्यांनी. आली की नळ सुटल्यासारखी. गाठी पडायच्या. दुकानात मशीनच्या स्टुलावर मी जुन्या चादरीची चौपदरी घडी घालून बसायचे आणि गिऱ्हाईक आलं की उठायचेच नाही. शंभर वेळा उठून माप घेणारी मी, बसल्या जागेवरून म्हणायचे, "मापाचं ब्लाउज ठेवून जा."

डोकंही चालेना. एका शिक्षिकाबाईंच्या जांभळ्या पैठणीचा ब्लाउज होता. बाहीला काठ पुरेल एवढाच तुकडा, आणि मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. रडत रडत त्यांना फोन केला. बाई आल्या, दोन्ही बाह्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मग बिनबाह्यांचं कर. लग्नात सगळे मला बघून दचकतील, तेवढीच मजा." शिलाई पूर्ण दिली वर. अशी माणसं असतात म्हणून धंदे चालतात.

आता तुमच्या आधी काय काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगितलं तर शिव्याच येतील तोंडात. पहिल्या ठिकाणी छातीची पट्टी काढली, चांगली आली, तर म्हणाले गॅस आहे. दुसऱ्या ठिकाणी माझं बोलणं अर्धं होईस्तोवर गोळ्या लिहून झाल्या होत्या, झोपेच्या. "घरात काही टेन्शन?" हा प्रश्न मला नाही, ह्यांना विचारला. माझ्यासमोर, मी जणू भिंतीला टांगलेलं कॅलेंडर. तिसऱ्या ठिकाणी बाहेरच्या बाकड्यावर डाग पडला. काउंटरवरची मुलगी उभी राहून ओरडली, "मावशी, इकडे पुसायला या, बाईंनी बाकडं खराब केलंय." वीस-पंचवीस माणसं होती, त्यात दोन माझी गिऱ्हाइकं. आणि आत गेल्यावर दहा मिनिटांत निकाल लागला: पिशवी काढून टाका. मुलं झालीत ना? मग ठेवून काय करायचीय? तारीखही दिली. पुढचा सोमवार.

मी तयार झाले होते, मॅडम. खोटं कशाला बोलू. ॲडव्हान्स भरायला ह्यांनी भिशीही उचलली होती. अडवलं कुणी, तर माझ्याकडे काज-हुक करायला येणाऱ्या बाईनं. ती बीडकडची. तिची मावशी ऊसतोडीला जायची, तिची पिशवी पस्तिशीच्या आत काढलेली. "काकू, तिची कंबर त्यानंतर कधी सरळ झाली नाही," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा हुक लावायला लागली. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी पेपरात आली होती, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. ती बातमी मी वाचली होती हो. पण ती त्यांची गोष्ट, आपली नाही, असं वाटलं होतं. उसवलेली शिवण बघायचं सोडून बाहीच कापून टाका म्हणणारा टेलर माझ्या गल्लीत आठ दिवस टिकला नसता.

तर तशी मी तुमच्याकडे आले. डिसेंबरातला गुरुवार. फिकट पिस्ता रंगाची साडी नेसले होते, तिथेच चुकलं. निळ्या रेक्झिनच्या खुर्चीवर बसून सांगायला लागले. तुम्ही वजन बघायला उठवलंत, मी उठले आणि मागे वळून पाहिलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी पदराचं टोक हातात घेतलं आणि खुर्ची पुसायला वाकले. तुमच्या टेबलाच्या कडेला बेल होती, दाराबाहेर मावशी बसलेल्या होत्या. तुमचा हात बेलकडे जाईल म्हणून मी डोळेच मिटले. बेल वाजली नाही. माझ्या मनगटाला हात लागला. "ताई, पदर कशाला खराब करताय?" तुम्ही ट्रेमधला कापूस घेतलात, स्पिरिट ओतलंत आणि स्वतः खुर्ची पुसलीत. एकदा, मग दुसऱ्या कापसानं परत. बोळे पिवळ्या पिशवीत टाकलेत, हात धुतलेत, खुर्चीवर स्वच्छ कपडा घातलात आणि म्हणालात, "बसा. हं, तर झोपेचं काय सांगत होता?"

तुम्ही 'असू दे' म्हणाला नाहीत. 'होतं असं' म्हणाला नाहीत. काही झालंच नाही अशा आवाजात मला माझ्याच वाक्यावर परत आणून बसवलंत.

माझी आई चार दिवस ओट्याच्या कोपऱ्यात बसायची, घोंगडी वेगळी, तांब्या वेगळा. लहानपणी आम्हाला सांगायचे, आईला कावळा शिवलाय. मी तसं पाळलं नाही, पण माझे डागाचे कपडे आजवर माझ्याशिवाय कुणी धुतलेले नाहीत. घरच्यांना दिसू नयेत म्हणून पहाटे चारला धुते. सत्तेचाळीस वर्षांत माझं रक्त दुसऱ्या बाईनं पुसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तीही डॉक्टर, तीही खुर्चीवरून उठून.

निघताना तुम्ही खुंटीवरचा ॲप्रन काढून माझ्या कमरेला मागून गुंडाळलात, बाह्यांची पुढे गाठ मारलीत. "बाहेर गर्दी आहे. पुढच्या वेळी आणा." मला काही बोलता आलं नाही. जिन्यावर एका आजोबांनी मला अडवून विचारलं, "मॅडम, नंबर कितवा चाललाय?" रिक्षात बसून मी हसले आणि मग घरापर्यंत रडले. रिक्षावाल्यानं आरसा वर फिरवला. मागे बाई रडतेय, बघू नये, एवढं त्या पोराला कळलं. शिकलेल्या कितीतरी जणांना कळत नाही.

तपासण्यांचं लिहीत नाही, ते कंटाळवाणं आहे. पण तुम्ही समजावलंत ते एक लिहिते. कुठल्या डॉक्टरचं बोलणं मला पहिल्यांदाच सगळं कळलं, कारण तुम्ही माझ्या धंद्यातला शब्द वापरलात: अस्तर. पिशवीला आतून अस्तर असतं. या वयात कधी बीज सुटतं, कधी सुटत नाही. सुटलं नाही की अस्तराला 'आता पुरे' सांगणारं हार्मोन तयार होत नाही, मग ते जाड होत राहतं आणि एक दिवस सगळं एकदम गळतं. म्हणून आधी त्याचा बारीक तुकडा तपासायचा, आत काही वाईट तर नाही ना ते बघायचं, आणि मग ठरवायचं. कापड न बघता कात्री चालवायची नाही, हे मला कुणी निराळं शिकवायला नको होतं! तुकडा चांगला आला. हिमोग्लोबिन मात्र ७.२ होतं. धडधड आणि दम त्यामुळेही असणार, असं तुम्ही म्हणालात. म्हणजे मी अडीच वर्षं रक्त सांडत होते आणि लोक मला गॅसच्या आणि झोपेच्या गोळ्या देत होते.

आणि नाव सांगितलंत. पेरिमेनोपॉज. पाळी जाण्याच्या आधीचा काळ, चार-पाच वर्षांचाही असू शकतो. सलग १२ महिने पाळी आली नाही तरच ती गेली म्हणायची. आपल्याकडच्या बायकांची सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या आधी. म्हणजे माझं काही विपरीत चाललेलं नव्हतं, ऐन वेळेवरच चाललं होतं. हार्मोनच्या गोळ्यांना मी घाबरले, तर तुम्ही हसला नाहीत. आईला, बहिणीला छातीचा कॅन्सर होता का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, सगळं विचारलंत आणि म्हणालात, "आज ठरवायचं नाही. घरी जाऊन विचार करा, प्रश्न लिहून आणा." सोमवारची तारीख देणारे आठवले मला.

सगळं बरं झालंय असं नाही. काल इस्त्री करताना पुन्हा वाफ आली, ती इस्त्रीची की माझी ते कळेना. पण परवा मी पहाटे पाचपर्यंत सलग झोपले. उठले तर हे शेजारी जागेच. म्हणाले, "तू उठली नाहीस म्हणून मला झोप लागेना."

आणि मॅडम, तुम्हाला न विचारता एक सुरू केलंय. कुणी 'सुती अस्तर लाव' म्हणालं की आता मी नुसतं वहीत लिहीत नाही, टेप गळ्यात टाकून विचारते, रात्री झोप लागते का? अंगावरून किती जातं? आधी इकडेतिकडे बघतात, मग पडदा ओढून घेतात, आणि मग जे सुरू होतं ते थांबत नाही. मागच्या आठवड्यात एका आजींनी सांगितलं, पाळी जाऊन सहा वर्षं झालीत आणि आता परत डाग दिसतोय. त्यांच्या सुनेला मी तिथूनच फोन लावला. तेवढं मला तुमच्याकडून कळलंय, की त्यात थांबायचं नसतं. बाकी बायका माझ्या चिठ्ठीचा फोटो मागतात, तो देत नाही. माझ्या मापाचं ब्लाउज तुला बसेल का, असं विचारते. पत्ता तुमचा देते. गर्दी वाढली तर बोल मला लावा.

आता ॲप्रनचं. धुतलाय, नीळ-खळ केलीय. तिसरं बटण लोंबत होतं, ते पक्कं केलं. पेनच्या टोकानं खिशाचा कोपरा उसवला होता, तिथे दुहेरी शिवण घातलीय. त्याचंच माप धरून अजून एक शिवलाय, पिशवीत खाली ठेवलाय. तुमचा आहे तो टेरिकॉटचा, त्यात वारा जात नाही. हा मऊ सुती आहे, आणि पाठीत अर्धा इंच जास्त धरलाय. डिसेंबरात, पंखा चालू असताना, तुमच्या कपाळावरचा घाम मी पाहिलाय.

गुरुवारी येते.

तुमची,
पिस्ता साडीवाली