व्हेटरनरीबद्दल नीट माहिती छापा, ही विनंती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची जत तालुक्यातली, सध्या कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावर व्हेटरनरीच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. तुमचा पेपर आमच्या घरी माझ्या लहानपणापासून येतो, इथे मी मोबाईलवर वाचते. दरवर्षी बारावीच्या निकालानंतर तुमची करिअरची पानं येतात, मेडिकल, इंजिनिअरिंग, एमपीएससी सगळं असतं, आणि व्हेटरनरीला जेमतेम चार ओळी. परदेशातल्या व्हेटरनरीबद्दल आमच्यासारख्यांना जे कळतं ते एजंटच्या ऑफिसात कळतं, म्हणून हे पत्र.

मी इथे का आले ते आधी सांगते. २०२२ ला गुरांवर लम्पी रोग आला तेव्हा आमच्या आजोबांचा एक खिलार बैल गेला. अंगभर गाठी, पाय सुजलेले, चारा सोडलेला. आमच्याकडच्या गुरांच्या दवाखान्यातले साहेब रात्री अकराला मोटारसायकलवर आले होते, पाच गावं त्यांच्याकडे, लस शेळ्यांच्या देवीची होती तीच गुरांना देत होते कारण तेव्हा हातात तेवढंच होतं. मी टॉर्च धरून उभी होते आणि ते सलाईन लावता लावता आजोबांशी इतकं शांतपणे बोलत होते की मी तिथेच ठरवलं. नीटच्या मार्कांवर सीट आधीच हुकली होती, आपल्याकडे मुंबईचं कॉलेज १८८६ पासूनचं आहे, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आहे, पण सीटा मोजक्या. मग बीएस्सी पूर्ण केलं, न्यू जर्सीच्या मावशीने या बेटाचं सांगितलं आणि आम्ही एका एजंटकडे गेलो.

त्या माणसाने आम्हाला अर्धा तास समुद्राचे फोटो दाखवले. निळं पाणी, नारळाची झाडं, हसणारी मुलं. वडिलांनी विचारलं की डिग्री घेऊन ही परत आली तर इथे प्रॅक्टिस करता येईल ना, तर म्हणाला हो हो, सगळीकडे चालते. हे इतकं सोपं नाहीये हो. भारतात प्रॅक्टिस करायची तर १९८४ च्या कायद्याप्रमाणे व्हेटरनरी कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन लागतं आणि बाहेरची कुठली डिग्री त्यात बसते ते प्रत्येकाने स्वतः आधी विचारून घ्यायला पाहिजे. अमेरिकेत करायची तर तिकडची लायसन्सची परीक्षा, मग ज्या राज्यात काम करणार तिथलं लायसन्स, आणि व्हिसाचा प्रश्न वेगळाच. माझ्या वडिलांनी कर्ज काढलंय आणि यातलं निम्मं आम्हाला ॲडमिशन झाल्यावर कळलं. कॉलेजबद्दल माझी काही तक्रार नाही. इथली रॉस युनिव्हर्सिटी १९८२ पासूनची आहे, २०११ मध्ये तिला अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची मान्यता मिळाली, ग्रेनाडाच्या सेंट जॉर्जेसलाही त्याच वर्षी. सात सेमिस्टर बेटावर आणि मग क्लिनिकल वर्ष अमेरिकेतल्या कॉलेजात. वर्षाला तीन सेमिस्टर, त्यामुळे कोर्स लवकर संपतो, पण मोठी सुट्टी नसते, घरी जायचं तर दोन सेमिस्टरच्या मधले थोडे दिवस आणि तिकिटाचे पैसे बघून ठरवायचं. हे कागदावर आधी दिसलं असतं तर आई एवढी रडली नसती.

आता रोजचं सांगते, कारण गावाकडून रोज मेसेज येतात, मजा आहे तुझी बीचवर. मी ऑगस्टच्या शेवटी आले, तेव्हापासून समुद्रावर तीनदा गेलेय. सकाळी लेक्चर, दुपारी ॲनाटॉमीची लॅब, रात्री परत तेच वाचायचं. पहिल्या सेमिस्टरला कुत्र्यावर डिसेक्शन असतं. फॉर्मॅलिनचा वास केसात बसतो, दोनदा धुऊनही जात नाही. प्रत्येक स्नायू कुठून सुरू होतो, कुठे चिकटतो, कुठली नस त्याला चालवते, सगळं हाताने शोधून दाखवायचं, आणि परीक्षेत टेबलाटेबलावर टाचण्या लावून ठेवतात, टाचणी कशाला लावलीय ते लिहायचं, बेल वाजली की पुढच्या टेबलावर, आपल्या स्पॉटिंगसारखंच. पहिल्या स्पॉटिंगला माझे मार्क फार कमी आले. दोन दिवस घरी फोन केला नाही. मग ग्रुपमधली एक मुलगी, टेक्सासच्या गुरांच्या फार्मवरची, रोज संध्याकाळी एक तास माझ्याबरोबर लॅबमध्ये थांबायला लागली, तिच्यामुळे मी सावरले.

एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुत्र्याचा पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेलाच नसतो. आपल्याला कॉलरबोन असतं तसं काम करणारं हाड त्याला नाही, सगळी छाती दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत पेललेली असते. गाईबैलाचंही तसंच. हे ज्या दिवशी मी स्वतः कापून बघितलं त्या दिवशी मला आजोबांची खांदेमळणी आठवली, बेंदराच्या आदल्या दिवशी ते बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी लावून किती वेळ चोळत बसायचे. नांगराचा भार या स्नायूंवरही येतो, आजोबांना लॅटिन नावं माहीत नव्हती पण दुखतं कुठे ते माहीत होतं. रात्री फोन लावला, आपल्याकडे सकाळ होती, साडेनऊ तासांचा फरक आहे, आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते गप्प ऐकत होते, मग म्हणाले, मग जू नीट बसलं पाहिजे बघ.

बेटही मला परकं वाटलं नाही. सेंट किट्स आणि शेजारचं नेव्हिस, दोन्ही बेटं मिळून एक देश, लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा देश. तीनशे वर्षांहून जास्त इथे ऊसच होता, २००५ मध्ये साखर कारखाना बंद झाला आणि उसाची छोटी रेल्वे आता टुरिस्टना फिरवते. डोंगराच्या उतारावर अजून कुठे कुठे रानटी ऊस उभा दिसतो, कुणी तोडत नाही. सांगलीच्या माणसाला ते बघून काय वाटतं ते मी लिहू शकत नाही. माकडांचा त्रास तर थेट कोकणासारखा, सतराव्या शतकात आफ्रिकेतून जहाजांवरून आलेली हिरवट माकडं आता शेतकऱ्याची भाजी, आंबे काही ठेवत नाहीत. नीरफणस इथे घरोघरी खातात, त्याचे काप मी रव्यात घोळवून तळते. रस्त्यावर शेळ्या मोकळ्या फिरतात असं मला वाटायचं, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं की शेपूट वर ती शेळी, शेपूट खाली ती मेंढी. इथल्या मेंढ्यांना लोकर नसतेच, आखूड केस असतात. धनगरांच्या मेंढ्या बघत वाढलेय मी, तरी ओळखल्या नव्हत्या.

वाणसामान मात्र महाग, बरंचसं जहाजाने येतं. बेटावरचा डॉलर वेगळा, अमेरिकन एक डॉलरला दोन पूर्णांक सत्तर, त्यामुळे आधी आकडा मोठा दिसतो, आणि मी तरीही प्रत्येक टोमॅटोचे रुपये करते. नोव्हेंबरपर्यंत वादळांचा सीझन, पाणी आणि बॅटरी भरून ठेवायची सवय लागलीय.

वसुबारसेला लॅब संपल्यावर मी कॅम्पसच्या गोठ्याकडे गेले. आजी त्या दिवशी गाय-वासराची पूजा करते, गहू खात नाही. इथे पूजा करता येणार नव्हती, नुसतं गाईच्या गळ्याखालून हात फिरवला. त्या आठवड्यात मानेच्या शिरा शिकत होतो, ती शीर बोटाखाली लागली, जिथे त्या रात्री साहेबांनी सलाईन लावलं होतं.

संपादक साहेब, मला आमच्याकडे अजून ढोर डॉक्टर म्हणतात, मुलगी असून हे काय घेतलं म्हणतात. यावर मी भांडत नाही. पण तुम्ही एक करू शकता. येत्या निकालाच्या वेळी एक पूर्ण पान व्हेटरनरीला द्या. आपल्याकडच्या सरकारी कॉलेजांच्या सीटा आणि फी, पशुधन विकास अधिकारी कसं होतात, परदेशातल्या कुठल्या कॉलेजला कुणाची मान्यता आहे, परत येऊन रजिस्ट्रेशनला काय लागतं हे कौन्सिलला विचारून छापा, आणि सगळ्या सेमिस्टरचा एकूण खर्च किती होतो तो. आमच्याकडे कर्ज घराच्या कागदावर निघतं.

त्या पानासाठी पहिल्या सेमिस्टरचा अनुभव लागला तर मी लिहून पाठवीन. डिसेंबरमध्ये फायनल संपली की वेळ आहे.

आपली वाचक,
जत तालुक्यातली एक विद्यार्थिनी, सध्या बासेटेर, सेंट किट्स