अकरा फोन, जागा एकच

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आयटीत मार्केट सुधारतंय, रिक्रूटरचे फोन परत सुरू झालेत, असा सूर हल्ली सगळीकडे ऐकू येतो, तुमच्या पेपरातही तशीच बातमी वाचली म्हणून हे पत्र. मी गेली अकरा वर्षं आयटीत कंत्राटावर काम करतोय, म्हणजे बसायचं हिंजवडीतल्या मोठ्या ऑफिसात, पगार मात्र तिसऱ्याच कुठल्यातरी व्हेंडरच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या, पेरोलवर. शेवटचं कंत्राट फेब्रुवारीत संपलं, क्लायंटने, म्हणजे ज्या कंपनीत बसून काम करायचो तिने, बजेट कापलं आणि आम्हा सात कंत्राटी लोकांना दोन आठवड्यांत आयकार्ड, लॅपटॉप जमा करायला सांगितलं. तेव्हापासून घरी आहे, त्यामुळे फोन का वाजतो हे जरा जवळून बघितलंय.

वाजतो हे खरंय. मागच्या महिन्यात मला ३४ फोन आले. मी एका वहीत लिहून ठेवतो, तारीख, व्हेंडर, स्किल, गाव, रेट. महिनाअखेरीला ती वही घेऊन बसलो आणि सगळ्या जेडी, म्हणजे मेलवर येणारी कामाची वर्णनं, शेजारी ठेवून बघितल्या तर त्या ३४ फोनांमागे जागा होत्या फक्त सहा. त्यातल्या एकाच जागेसाठी अकरा व्हेंडर, कोणी नोएडाचा, कोणी हैदराबादचा, दोघं तर बाणेरमधलेच. क्लायंटचं नाव कोणीच सांगत नाही पण मेल उघडला की जेडी तीच, 'ओरॅकल'चं स्पेलिंग अकराही ठिकाणी एकाच पद्धतीने चुकलेलं.

हे असं का होतं ते सांगतो. क्लायंट एक जागा काढतो, ती पाच-सात व्हेंडरकडे जाते, ते ती आपापल्या सब-व्हेंडरकडे सरकवतात, आणि ज्याचा सीव्ही पोर्टलवर आधी चढेल त्याचा कॅंडिडेट, म्हणून सगळे एकाच वेळी धावत सुटतात. फोनवर पहिला प्रश्न हाच असतो की तुमचं प्रोफाइल इथे आधी कोणी टाकलंय का. दोघांनी टाकलं तर डुप्लिकेट म्हणून दोन्हीकडून बाद व्हायची भीती. आणि कित्येकदा जागाच नसते, एखादं प्रोजेक्ट मिळवायचं असतं आणि आमच्याकडे माणसं तयार आहेत हे दाखवायला सीव्ही गोळा करत असतात. फोन करणारी पोरं बिचारी बावीस-तेवीस वर्षांची, त्यांना दिवसाला अमुक इतके सीव्ही पाठवायचं टार्गेट असतं, त्यांच्यावर माझा राग नाही.

सहापैकी दोन ठिकाणी इंटरव्ह्यू लागला. एक झाला, त्याचा फीडबॅक अजून आलेला नाही, दुसरा तीनदा पुढे ढकलून शेवटी 'पोझिशन ऑन होल्ड' असा मेसेज आला. रेटचं सांगायचं तर आधी महिना १ लाख ४० हजार घेत होतो, आता समोरचा ९५ हजारांपासून सुरुवात करतो, तेही तीन महिन्यांचं कंत्राट, पुढे एक्स्टेंड होईल बघू, आणि जॉइन मात्र लगेच सोमवारी व्हा.

आता फोनांना काहीच अर्थ नाही असंही मी म्हणत नाही. मंदी सरताना कंपन्या कायमची भरती लगेच करत नाहीत, आधी कंत्राटी माणसं घेऊन बघतात, त्यामुळे आमचे फोन आधी वाजतात, हे मी स्वतः अनुभवलंय. २०२१ मध्ये असंच होतं. पण तेव्हा फोन आला की दोन दिवसांत इंटरव्ह्यू, आठवड्यात ऑफर, आणि रेट आपण सांगू तो. मार्केट खरंच उघडलं की रेट चढतो आणि कंत्राट सहा महिने, वर्षभराचं व्हायला लागतं. माझ्या वहीत तसं अजून काही दिसत नाही.

आमची अडचण ही की आम्ही कुठल्याच आकड्यात धड दिसत नाही. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून ६३ हजारांवर माणसं कमी झाली, २०२५ मध्ये टीसीएसने १२ हजारांच्या आसपास लोकांना कमी करणार असं जाहीर केलं, त्याच्या बातम्या झाल्या आणि व्हायलाच हव्यात. पण आम्ही त्या हेडकाउंटमध्ये कधी नव्हतोच, त्यामुळे आम्ही गेलो तरी कोणाचा आकडा हलत नाही. पीएफ ऑफिस दर महिन्याला आकडे देतं, त्यात मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्या 'एक्स्पर्ट सर्व्हिसेस' नावाच्या गटात येतात, सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीही त्याच गटात, आणि नवीन वाढीपैकी साधारण चाळीस टक्के वाढ ह्याच गटातून येते. आमचा पीएफ ह्या कंपन्या भरतात, मग त्या गर्दीत जावा डेव्हलपर किती आणि गार्ड किती हे कळणार कसं?

हे सगळं लिहायचं कारण घरातलंच आहे. माझा मेव्हणा एका कंपनीत परमनंट होता, सहा वर्षं झाली होती. मला म्हणाला, दाजी, रोज सहा-सात कॉल येतायत, पेपरातही आलंय, कंत्राटावर जास्त मिळतील. मी वही दाखवली पण तोवर त्याने राजीनामा टाकलेला होता. हातात ऑफर एकही नव्हती. ९० दिवसांच्या नोटीसमधले आता १८ उरलेत, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता ४२ हजार आहे आणि मुलगी यंदा पहिलीत गेली.

म्हणून विनंती एवढीच आहे की पुढची बातमी करताना तुमच्या वार्ताहरांनी फोन किती आले हे विचारण्याबरोबर जॉइन किती झाले, किती महिन्यांच्या कंत्राटावर आणि आधीपेक्षा जास्त रेटवर की कमी, हेही विचारावं. हिंजवडी फेज दोनला संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभं राहिलं तरी दहा जण सांगतील. मेव्हण्याने परवा राजीनामा मागे घ्यायचा मेल टाकलाय, एचआरकडून अजून उत्तर नाही.

आपला,
एक कंत्राटी आयटी कर्मचारी, वाकड, पुणे