मास्तरांची टिपणं

प्रिय बाळ्या,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही, माहीत आहे. शिव्या भेटशील तेव्हा दे. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो ते मास्तरांमुळे.

चेकॉव्हची ती कुत्रेवाल्या बाईची रशियन गोष्ट त्यांना वाचायला दिली होती, याल्टाच्या समुद्रकिनारी लग्न झालेला गुरोव आणि लग्न झालेली आन्ना भेटतात ती. परत आली ती समास लाल शाईने भरून, वर फर्मान: 'आपले म्हणणे लेखी कळवावे.' मास्तर निवृत्त झाले, लाल पेन काही झालं नाही!

म्हणे, शीर्षकातलं कुत्रं पहिल्या भागानंतर गायब. अरे, तिसऱ्या भागात गुरोव आन्नाच्या घरासमोर घुटमळतोय, तेवढ्यात एक म्हातारी बाहेर येते आणि मागोमाग तेच पांढरं पॉमेरेनियन. त्याला हाक मारायची असते, पण छातीत अशी धडधड की कुत्र्याचं नावच आठवत नाही. हे मास्तरांनी वाचलंच नाही की काय?

त्याहून कहर म्हणजे 'माशाचा तपशील अनावश्यक'. मॉस्कोत क्लबातून निघताना गुरोव न राहवून पत्त्यातल्या जोडीदाराला सांगतो, याल्टाला काय बाई भेटली होती! तो गृहस्थ घसरगाडीत बसतो आणि वळून म्हणतो, तुमचं खरं होतं, आजच्या स्टर्जनला जरा वासच होता. बस. तेवढ्याने गुरोवला आपले पत्ते, जेवणावळी, तीच ती बडबड, सगळ्याची शिसारी येते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. डिसेंबरच्या सुट्टीत तो तिच्या गावी निघतो. मासा काढलास तर तो निघेल कशाला? (कलिंगडावरून तू असाच भांडला होतास. ती रडतेय आणि हा फोड खात बसलाय, म्हणून तू लेखकाला निर्दय ठरवलंस. निर्दय गुरोव आहे रे, आणि तेही तेव्हापुरताच. अजून मान्य नसेल तुला.)

एक टिपण मात्र बिनतोड आहे, आणि तेच त्यांनी बारीक अक्षरात कोपऱ्यात लिहिलंय: आन्नाच्या मनात शिरायला वाट नाही. खरंय, सगळं गुरोवच्या डोळ्यांनी. तिच्या वाट्याला बहुतेक रडणंच.

पण शेवटाखाली तीन रेघा: 'लेखकाने पळ काढला. याला शिक्षा कुठे?' मी चार पानं उत्तर लिहिलं. केस पिकायला लागल्यावर माणूस पहिल्यांदा खरं प्रेम करतो, तेही लपूनछपून, आणि सगळ्यात अवघड ते पुढेच आहे हे दोघांनाही कळतं. १८९९ सालच्या त्या दोन लग्न झालेल्या माणसांना आणखी कोणता निकाल द्यायचा होता?

लिहून झालं, आणि त्या तीन रेघांकडे बघत बसलो. शिक्षा गुरोवला नकोच आहे त्यांना. कुणाला हवी आहे, ते तुला सांगायला नको. गोष्टीवरचा वाद मी जिंकेन रे, पण माझं चौथं पान ते कसं वाचतील? बरं, नुसतं कुत्रं आणि मासा पाठवावा, तर ते विचारणारच, शेवटाचं काय? उत्तर न आलेला प्रश्न त्यांनी आजवर कधी सोडलाय? आणि गप्प बसलो तर मला पटलं असं धरून चालतील, ते तर मुळीच सहन होणार नाही.

बदलीचं काय झालं? कन्येचं अभिनंदन, वहिनींना नमस्कार. पण आधी हे कळव, चौथं पान पाठवू की नको. मास्तर रविवारी येतो म्हणालेत.

तुझा,
भाऊ