हुमणीची बातमी मे महिन्यात छापा

महोदय,

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की ‘उसावर हुमणीचा प्रादुर्भाव’ अशा बातम्या सुरू होतात. पिवळ्या पडलेल्या फडाचा फोटो आणि आळवणीसाठी, म्हणजे उसाच्या मुळाशी ओतण्यासाठी, औषधाचा सल्लाही सोबत असतो. बातमी खरी असते, पण तोवर वेळ टळलेली असते. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची मुळे खाणारी पांढरी अळी. ही कीड वर्षातले जवळपास अकरा महिने मातीआड काढते. हाताला सापडेल अशी ती बाहेर येते ती वळवाच्या पहिल्या दमदार पावसानंतरचे तीन-चार आठवडे, आणि तेही फक्त रात्री. म्हणून हुमणीची माहिती मेच्या पहिल्या पंधरवड्यात ठळकपणे छापावी, अशी कळकळीची विनंती आहे.

माळरानावरच्या हुमणीची आपल्याकडची मुख्य जात होलोट्रिकिया सेराटा. तिची वर्षाला एकच पिढी होते. उन्हाळ्यात तिचे भुंगेरे जमिनीत तयार होऊन निपचित पडलेले असतात. पाऊस मुरून ओल त्यांच्यापर्यंत पोहोचली की संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ते बाहेर पडतात आणि जवळच्या कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतात. मिलनाच्या वेळी मादी फांदीला धरून असते आणि नर खाली डोके करून तिला लोंबकळतो. त्यानंतर रात्रभर पाला खाणे चालते. उजाडायच्या आत सगळे पुन्हा जमिनीत जातात, त्यामुळे दिवसा झाडावर एकही दिसत नाही. सकाळी कडुलिंबाची पाने कडेने अर्धचंद्राकृती कुरतडलेली दिसली, तर भुंगेरे त्या झाडावर येऊन गेले असे खुशाल समजावे.

पकडायची वेळ रात्री आठ ते नऊ. त्याआधी ते उडत असतात, हाती लागत नाहीत. झाडाखाली ताडपत्री अंथरून आकडीने फांद्या जोरात हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे लगेच थोडे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. प्रकाश सापळा लावायचा तर दिव्याखाली पसरट टबात असेच रॉकेल मिसळलेले पाणी हवे. नुसता दिवा लावला तर भुंगेऱ्यांना शेतात बोलावून घेतल्यासारखे होते. साडेनऊनंतर दिवा बंद करावा, नाहीतर उपयोगी कीटकही त्यात मरतात. एक मादी साधारण पन्नास ते साठ अंडी घालते. म्हणजे शंभर माद्या वेळेत मेल्या तर पाच-सहा हजार अळ्या जन्मालाच येत नाहीत. मात्र हे काम एकट्यादुकट्याचे नाही. शेजारच्या बांधावरची बाभूळ सुटली की तिथला भुंगेरा आपल्याच सरीत अंडी घालतो. गावाने एकाच आठवड्यात सुरुवात करावी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पुन्हा झाडे हलवावीत, कारण सगळे भुंगेरे एकाच दिवशी निघत नाहीत.

अंडी ज्वारीच्या दाण्याएवढी, पांढरी असतात. ती मातीतली ओल शोषून फुगतात आणि ९ ते २४ दिवसांत फुटतात. अळी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, डोके तपकिरी आणि टणक, छातीला पायांच्या तीन जोड्या, अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रांच्या नऊ जोड्या. ती दोनदा कात टाकते, म्हणून तिच्या तीन अवस्था होतात. अंग रोज वाढते, पण डोक्याचे कवच फक्त कात टाकतानाच मोठे होते. त्यामुळे अवस्था ओळखायची तर लांबी न मोजता डोक्याची रुंदी पाहावी. पहिली अवस्था सुमारे महिनाभराची. त्या काळात अळी बहुतेक कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर आणि बारीक मुळ्यांवर जगते. दुसरी महिना-दीड महिन्याची. तिसरी मात्र १४० ते १४५ दिवस चालते आणि उसाचा खरा घास तीच घेते. मुळे खाल्लेले बेट हाताने ओढले तरी सहज उपटून येते.

सप्टेंबरमधले औषध का लागू पडत नाही, याचे उत्तर इथेच आहे. तिसऱ्या अवस्थेतली अळी मोठी, चरबीने भरलेली आणि मुळांच्या जाळ्यात खोलवर असते. आळवणीचे बरेचसे औषध वरच्या मातीतच अडकते. शेतकरी मग मात्रा वाढवतो. खर्च आणि विष दोन्ही वाढतात, अळी तशीच राहते.

अळीला रोग लावून मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीचे काम वेगळ्या तऱ्हेने चालते. अळीने ती खावी लागत नाही. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटून रुजतात आणि आत शिरतात. अळ्या लहान असताना, म्हणजे जून-जुलैमध्ये, हेक्टरी २० किलो बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी सरीत द्यावी आणि लगेच मातीआड करावी. उन्हात बीजाणू मरतात, कोरड्या मातीत रुजत नाहीत, आणि सोबत बुरशीनाशक दिले तर सगळेच वाया जाते. अळी मरायला वेळ लागतो. मेलेली अळी कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरवी पडते. तशी अळी दिसली की बुरशी लागू झाली.

शेणखताच्या ढिगात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते, हेही छापायला हवे. अंगठ्याएवढ्या जाड अळ्या बहुधा गेंड्या भुंग्याच्या असतात. तो नारळाचा शत्रू, उसाचा नव्हे. दुसरी एक अळी सपाट जमिनीवर ठेवली की पाय वर करून पाठीवर सरकत जाते. ती फुलभुंग्याची. तिचे काम कुजके पदार्थ खाण्याचे, तिला मारायचे कारण नाही. शंका असल्यास अळीच्या शेपटाकडची खालची बाजू भिंगातून पाहावी. तिथल्या काट्यांची मांडणी प्रत्येक जातीत वेगळी असते आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ती ओळखून मिळते. नदीकाठच्या जमिनीत ल्युकोफोलिस ही निराळी जात आढळते, म्हणून तिथे ही ओळख आधी पटवून घेतलेली बरी.

यंदा ज्यांच्या फडात हुमणी लागली आहे त्यांनी ऊस तुटताच खोल नांगरट करावी. पूर्ण वाढलेल्या अळ्या, कोष आणि नवे भुंगेरे तेव्हा मातीत असतात. नांगरट दिवसा करावी, म्हणजे मागून येणारे बगळे, कावळे आणि साळुंक्या उरलेल्या अळ्या टिपतात. खूप खोल गेलेल्या अळ्या नांगराच्या तावडीतून सुटतात, हे ध्यानात ठेवावे. अशा फडात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) मात्र राखू नये.

— कृषी कीटकशास्त्राचे एक अभ्यासक, जि. सांगली